आधी पाळण्याची वही, मग बोली: सातारा जिल्ह्यातल्या यात्रा कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, विश्वस्त, सरपंच आणि पंच मंडळी,
सर्व यात्रा कमिट्या, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार.

म्हसवडचा रथ झाला की आपल्याकडं यात्रांचा हंगाम लागतो. मग पुसेगाव, पौषात औंध आणि पाल, आणि तिथून पुढं चैत्र-वैशाखापर्यंत गावोगावच्या जत्रा. पाळणेवाल्यांचे ट्रक याच क्रमानं फिरतात, मधेच जत-खरसुंडीकडं वळतात आणि परत येतात. त्यांची मोडतोड माझ्या शेडमध्ये येते. मी कोरेगाव भागात फॅब्रिकेशनचं काम करतो. ट्रॉल्या, गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडी हा वर्षभराचा धंदा; यात्रेच्या दिवसांत आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा आणि ड्रॅगन ट्रेन यांचे सुटे भाग.

या पत्रात आपल्याकडं एकच मागणी आहे. जागांचा लिलाव करताना पाळणेवाल्याला भाड्याचा आकडा विचारण्याआधी त्या पाळण्याच्या दुरुस्तीची वही मागा. वही नसेल तर यंदापासून सुरू करायला लावा.

ही मागणी का सुचली हे सांगायला मात्र पार अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जावं लागेल. मी तिथं गेलेलो नाही, जाण्याची शक्यताही नाही. शेडवर काम शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या पोरानं एकदा मोबाइलवर एका लाकडी रोलर कोस्टरचा व्हिडिओ दाखवला. तो कोस्टर आता जागेवर नाही, पाडून टाकला. का पाडला म्हणून शोधायला बसलो आणि त्यातच गुंतलो.

ओहायोत सिनसिनाटी शहराजवळ किंग्ज आयलंड नावाचं मोठं मनोरंजन उद्यान आहे. तिथं १९७९ साली ‘द बीस्ट’ नावाचा लाकडी रोलर कोस्टर सुरू झाला. त्याची लांबी सुमारे ७,३६० फूट, म्हणजे सव्वादोन किलोमीटर. तो आजही चालतो आणि लाकडी कोस्टरमध्ये जगात सगळ्यात लांब आजही तोच आहे. त्याच्या नावावर उद्यानाला इतकी वर्षं गर्दी मिळाली, की २००० साली मालकांनी त्याचा वारस उभा केला आणि त्याला सरळ ‘सन ऑफ बीस्ट’ असं नाव दिलं. उंची २१८ फूट, वेग ताशी ७८ मैल, म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या घरात. लाकडी कोस्टर दोनशे फुटांच्या वर त्याआधी कुणी नेला नव्हता. एवढ्यावर न थांबता त्यात ११८ फूट उंचीचा लूप घातला, जिथं डबे पूर्ण उलटे होऊन परत सरळ येतात. लूप लोखंडी होता. बाकीचा डोलारा लाकडाचा.

हे काम अडाणी माणसांनी केलेलं नव्हतं, हे आधी सांगितलं पाहिजे. लूपचा धोका त्या धंद्यात शंभर वर्षांपासून माहीत होता. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर आला, त्याचा लूप अगदी गोल होता. गोल लूपमध्ये शिरताना एकदम झटका बसतो, आणि लोकांच्या माना आखडायला लागल्या. पुढं १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्यानं खाली पसरट आणि वर आवळलेला, थेंबासारखा लूप बसवला, तेव्हा तो प्रश्न सुटला. सन ऑफ बीस्टची आखणीही याच श्टेंगलची. थोडक्यात, कागदावर हिशेब पक्का होता.

घोळ झाला तो लाकूड, वजन आणि वेग एकत्र आल्यावर. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक बसवलेल्या फळ्यांचे थर आणि त्यावर लोखंडाची पातळ पट्टी. डब्याला वरून चालणारी चाकं असतात, बाजूनं धरणारी असतात आणि रुळाच्या खालून आवळणारीही असतात. ती खालची चाकं जॉन मिलर नावाच्या माणसानं १९१९ च्या सुमारास पेटंट करून घेतली, आणि त्यानंतरच खडे उतार शक्य झाले. गाडी जाते तेव्हा सगळा सांगाडा थोडा हलतो. हलायलाच पाहिजे. पण लाकूड ऊन-पावसाप्रमाणंही हलत असतं. आपल्या बैलगाडीच्या चाकाचं उन्हाळ्यात काय होतं ते जुन्या माणसांना सांगायला नको: लाकूड आकसतं, लोखंडी धाव ढिली पडते आणि चाक ओढ्यात भिजत टाकावं लागतं. म्हणून लाकडी कोस्टरवर रोज सकाळी माणसं हातोडी आणि पाना घेऊन रुळावरून चालत जातात, बोल्ट आवळतात, फळ्या बदलतात. या रोजच्या चालण्यावर कोनी आयलंडचा १९२७ सालचा ‘सायक्लोन’ आजही धावतोय.

सन ऑफ बीस्टचे डबे जड होते. एवढं वजन एवढ्या वेगानं लाकडावर आदळत राहिलं. बसणाऱ्यांची तक्रार पहिल्यापासून होती की हा फार धक्के देतो, पाठ-मान दुखते. दुरुस्त्या होत राहिल्या. आणि ९ जुलै २००६ ला आधाराचं एक लाकूड फाटलं. त्या जागी रूळ दबला, भरधाव गाडी रस्त्यातल्या खड्ड्यात गेल्यासारखी आपटली आणि २७ जण जखमी झाले. कुणी दगावलं नाही.

त्यानंतर त्यांनी काय केलं तेही ऐका. लूप काढून टाकला, म्हणजे ज्याची जाहिरात केली होती तोच भाग कापला. जड डबे बाजूला केले आणि हलके डबे आणले. तेही नवे नव्हते, सेकंडहॅण्ड होते. साउथ कॅरोलायनात मर्टल बीच इथं बंद पडलेल्या एका उद्यानातल्या ‘हरिकेन’ नावाच्या कोस्टरचे, गर्स्टलाउअर या जर्मन कंपनीनं बनवलेले. २००७ च्या जुलैत कोस्टर परत सुरू झाला. २००९ च्या उन्हाळ्यात एका बाईनं तक्रार केली की इथं बसल्यावर डोक्यात रक्तस्राव झाला. राज्याच्या तपासनिसांना कोस्टरमध्ये दोष सापडला नाही. चालू करायला कायद्यानं आडकाठी नव्हती. तरी उद्यानानं तो परत उघडला नाही. तीन वर्षं तो तसाच उभा राहिला, २०१२ साली पाडायचा निर्णय जाहीर झाला आणि पाडलाही. त्या जागी २०१४ मध्ये ‘बॅन्शी’ नावाचा पोलादी कोस्टर आला. त्याच्या रांगेत सन ऑफ बीस्टच्या आठवणीचा एक थडग्याचा दगड ठेवलाय. एवढा खर्च पाण्यात गेल्यावरही गंमत करायची त्यांची हौस पाहून हसू आलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी कोरेगावात बसून आपल्याला त्या कोस्टरची जन्मापासून मरणापर्यंतची हकिगत सांगू शकतो. कुठलं साल, काय फाटलं, काय बदललं, सेकंडहॅण्ड डबे आधी कुठल्या गावात चालत होते, हे सगळं सांगता येतं. आणि मागच्या यात्रेत आपल्या गावच्या माळावर जो आकाशपाळणा उभा होता, ज्यात आपली नातवंडं बसली, तो कुणी बनवला हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का? पाळणेवाल्यालाही ठाऊक नसतं. हे मी हवेत बोलतोय असं नाही, विचारून बघितलेलं आहे.

मध्यंतरी यात्रेच्या ऐन दिवशी एक पाळणेवाला टेम्पोत एक लांबलचक चौकोनी पाईप घालून आला. पाळण्याचा हात. म्हणाला, “मालक, एवढी पट्टी मारून द्या, सात वाजता पाळणा चालू करायचाय.” मी ग्राइंडर लावला. वर चंदेरी रंग, त्याखाली निळा, त्याखाली लाल, आणि त्याच्या खाली परत चंदेरी. रंग गेल्यावर दिसलं की जिथं तो पट्टी मारायला सांगत होता तिथं आधीच एक पट्टी आहे. ती काढली तर तिच्याखाली आणखी एक, वेगळ्या हाताची. वेल्डिंगची रेघ बघून हात ओळखू येतो. हातोडी मारली तर एका टोकाला ठण्ण वाजायचं आणि मधे नुसतंच थप. पाईप दोन्ही टोकांनी बंद होता, म्हणून बुडाला ड्रिलनं भोक पाडलं. आतून तांबडं पाणी आलं, पावशेर तरी असेल. पुढं कापून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. पाच एमएमच्या पाईपची जाडी त्या ठिकाणी दीड एमएम राहिली होती. बाहेरून तपासणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं. रंग तर मस्त होता.

मी विचारलं, “पाळणा कुठनं घेतला?”

“पंढरपूरकडच्या एकाकडनं.”

“त्यानं कुठनं घेतला?”

“ते काय माहीत.”

“किती वर्षांचा असंल?”

“चालतोय की, मालक.”

पट्टी मारली नाही. नवा पाईप घालून दिला, त्याला रात्र गेली, त्याची एका संध्याकाळची कमाई बुडाली आणि मला चार शिव्या बसल्या. त्या शिव्यांबद्दल राग नाही. राग आहे तो या गोष्टीचा, की माझ्याआधी ज्या दोघांनी पट्ट्या मारल्या, त्यांनी काय बघितलं हे मला कळायला काही मार्ग नव्हता. आणि मी काय बघितलं हे माझ्यानंतरच्या वेल्डरला कळायलाही नाही.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं सगळे कागद असतात. पोलिसांची परवानगी, विजेचा कागद, यांत्रिकी तपासणीचा दाखला. असतात, मान्य. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण परत त्याच ओहायोतली दुसरी गोष्ट ऐका. २६ जुलै २०१७, कोलंबस शहरातली राज्याची वार्षिक जत्रा, जत्रेचा पहिलाच दिवस. ‘फायर बॉल’ नावाचा, आपल्या यात्रेत येतात तसलाच, ट्रकवरून गावोगाव फिरणारा झोका. लंबकासारखा हलत गोल फिरणारा. चालू असतानाच त्यातला एक पाळणा तुटून उडाला. अठरा वर्षांचा एक मुलगा जागीच गेला, सात जण जखमी झाले. या झोक्याची तपासणी झालेली होती, चालवायला मंजुरी मिळालेली होती. बनवणाऱ्या डच कंपनीनं नंतर सांगितलं ते कारण वाचून मी खुर्चीतून उठलो: आधाराचा पोकळ बीम आतून गंजला होता आणि वर्षानुवर्षं त्याची जाडी कमी होत गेली होती. झोका जवळजवळ वीस वर्षांचा होता. नंतर ओहायोनं त्या मुलाच्या नावानं कायदा केला. त्यात तपासणीचे निकष कडक झाले आणि दुरुस्तीच्या नोंदी ठेवायची जबाबदारी मालकावर आली.

जाता जाता एक गंमत. ओहायोत पाळण्यांची तपासणी कृषी खात्याकडं आहे. जत्रा मुळात शेतकऱ्यांच्या, बैल-घोड्यांच्या प्रदर्शनाच्या, म्हणून असावं. पुसेगावचा बैलबाजार पाहिलेल्या माणसाला हे काही परकं वाटणार नाही.

आपल्याकडची उदाहरणंही दूरची नाहीत. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळच्या उद्यानात १४ जुलै २०१९ ला मोठा झोका तुटून खाली आला, दोघं गेले. ते तर कायमस्वरूपी उद्यान होतं, आठवड्याला जागा बदलणारी जत्रा नव्हे.

आता थोडं कडू बोलतो, आणि ते आपल्यालाच. पाळणेवाल्यांना झोडपणं सोपं आहे. बायकापोरं ट्रकात घेऊन फिरणारी, तळावर तीन दगडांवर स्वयंपाक करणारी माणसं आहेत ती. स्वतःची पोरं त्याच पाळण्याच्या पायाशी झोपवतात. धोका त्यांच्या आळसातून जेवढा येतो त्याच्यापेक्षा जास्त आपल्या लिलावातून येतो. दर वर्षी बोली चढते, चढली की कमिटी खूश होते, देवळाच्या सभामंडपाला पैसे झाले म्हणून टाळ्या पडतात. पण ते पैसे वसूल करायला त्याच्याकडं चार-पाच रात्री असतात. मग पाळणा रात्री बारा-एकपर्यंत थांबत नाही, ग्रीस लावायला वेळ नाही, आणि पाईप तडकला तर नवा घालायच्या ऐवजी पट्टी. दुसऱ्या दिवशी खोलून ट्रकवर, तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात उभा. खोलताना आणि जोडताना पिना सगळ्यात जास्त झिजतात, आणि हे काम होतं रात्रीच्या अंधारात. किंग्ज आयलंडला विक्रमाची घाई होती, आपल्याला बोलीची आहे. तिथल्या लोकांनी निदान दहाव्या हंगामात पुरे म्हटलं. आपल्याकडं पाळणा निवृत्त होतच नाही, त्याला रंग लागतो आणि तो पुढच्या तालुक्यात जातो.

जुना पाळणा म्हणजे वाईट पाळणा, असं माझं म्हणणं नाही, ते आधीच साफ करतो. सायक्लोन शंभरीला आलाय आणि धावतोय, सन ऑफ बीस्ट दहा वर्षं पुरा झाला नाही. त्यामुळं ‘दहा वर्षांवरचे पाळणे बंद’ असला सरसकट ठराव कृपा करून करू नका. तसं केलं की सगळे पाळणे कागदावर नऊ वर्षांचे होतील.

वही अशी असावी. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची, साधी. पहिल्या पानावर पाळणा कुणी आणि कधी बनवला, आणि सध्याच्या मालकानं कुणाकडून घेतला. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहायचं, लाजायचं कारण नाही. पुढं प्रत्येक दुरुस्ती: तारीख, कुठला भाग, बदलला की पट्टी मारली, कुणी केली. वेल्डरनं सही करायची. माझ्यासारख्याला सही करायला लागली की पट्टी मारायच्या आधी हात थांबतो, हे मी स्वतःच्या धंद्याबद्दल सांगतो. आणि यात्रा संपली की कमिटीनं दोन ओळी लिहायच्या: पाळणा किती दिवस चालला, मधे बंद ठेवावा लागला का, कशानं, कुणाला लागलं का. खाली शिक्का. पुढच्या गावची कमिटी लिलावाच्या दिवशी तीच वही उघडून वाचेल. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तर वही ‘हरवली’ तरी काही बिघडणार नाही.

यात एक अडचण येणार ती मला दिसते. ज्याच्या वहीत दुरुस्त्या जास्त, त्याला आपण घाबरून नाकारणार, आणि ज्याची वही कोरी तो आपल्याला चांगला वाटणार. उलट आहे. यात्रेत फिरणाऱ्या पाळण्याची वही वर्षभर कोरी राहिली, तर तो माणूस एक तर लिहीत नाही किंवा बघत नाही. पिना बदलल्या, बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) बदलले, पाईपच्या बुडाला पाणी निघून जायला भोकं पाडली, असं लिहिलेलं दिसलं तर त्याला जागा द्या, आणि त्याच्यापेक्षा पाच-दहा हजार जास्त बोलणाऱ्याला नको म्हणा. हे पाच-दहा हजार सोडणं हाच या पत्रातला अवघड भाग आहे, मला माहीत आहे. ते ग्रामसभेत उभं राहून सांगावं लागेल.

मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला जे घडलं ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि अरुंद वाटा यांकडं आपण शेकडो माणसं गेल्यावर बघायला लागलो. पाळण्यांच्या बाबतीत ती वेळ अजून आलेली नाही.

वहीचा एक नमुना मी करून ठेवला आहे. कुठल्याही कमिटीनं माणूस पाठवला तर मिळेल, पैसे नकोत. यात्रेच्या आदल्या दिवशी पाळणे उभे राहताना बोलावलंत तर हातोडी घेऊन येईन. मी सरकारी तपासनीस नाही, माझ्या सहीला कायद्यात किंमत नाही. पण पाईप थप वाजतो की ठण्ण, ते सांगू शकतो.

यंदाच्या लिलावाच्या नोटिशीत जागाभाड्याच्या अटींच्या वर हे एक वाक्य घालावं, ही विनंती:

“पाळणा, झोका किंवा ट्रेन लावू इच्छिणाऱ्यानं तिची दुरुस्तीची वही बोलीआधी कमिटीसमोर ठेवावी, वही नसल्यास कमिटीकडून कोरी वही घेऊन पहिलं पान तिथंच भरावं, त्याशिवाय बोली धरली जाणार नाही.”

पहिल्या पानाला जागा जास्त सोडा. पाळणेवाले अक्षर मोठं काढतात.

आपला नम्र,
एक फॅब्रिकेटर, कोरेगाव